बायकांचा मंगळवार

रथसप्तमी, सोमवार

लोटनच्या शाळेच्या वहीत मागची पानं कोरी आहेत. त्यानं शाळा सोडली, शेतात लागला, वही फडताळात पडून होती. तिच्यात लिहिते. घरात बोलायला कुणी नाही. हे दिवसभर रानात, आले की जेवतात आणि आडवे होतात. बोलायचं पोटात राहिलं की मला अन्न पचत नाही. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण वाचायचं मलाच आहे. धुरपता चौथी शिकली. तिच्या पाटीवर चुलीपुढे बसून मी दुसरीइतकं शिकले. एवढीशी पोर, पण मास्तरीण कडक. चुकलं की फुंकणीनं माझ्या हातावर मारायची.

त्या धुरपताला जळगावला दिली त्याला दोन वर्षं झाली. दोन आखाज्या गेल्या. आखाजीला बठ्ठ्या गावाच्या लेकी माहेरी येतात, माझीच येत नाही. लोटन दोन्ही वेळा मुऱ्हाळी म्हणून तिला आणायला गेला आणि एकटा परत आला. विहीणबाई म्हणाल्या, घरात काम आहे. कसलं काम? तीन माणसांचं घर.

कारण मला ठाऊक आहे. लग्नातलं आहे ते. विहिणीची पंगत बसायची होती आणि ताईबाई, म्हणजे धुरपताची सासू, जानवशात रुसून बसली. काय तर म्हणे पाय धुवायला आम्ही वेळेवर आलो नाही. वरमाईनं रुसायची रीतच आहे. रूस ना बाई, पण रुसून झालं की ऊठ. मी गेले, एकदा म्हटलं, "चला विहीणबाई, पानं वाढली." तिनं तोंड फिरवलं. मी म्हटलं, "उठायचं नसेल तर बसा. वरण गार होतं." आणि बाकीच्यांना वाढलं. एवढंच. तेवढ्यावरून दोन वर्षं माझी लेक अडकवून ठेवली. उडदाच्या दाण्याएवढं मन बाईचं.

आज बेबाबाई आली होती. माझी मावसबहीण, जळगावला असते, तिचा मालक गिरणीत आहे. म्हणाली, "अक्का, तिथं म्युनिसिपालटीची मोठी बाग आहे. आत नुसत्या गुलाबाचं वावर आहे वावर. मंगळवारी दुपारी गडी माणसाला आत सोडत नाहीत, बायकांचा दिवस. धुरपता दर मंगळवारी सासूसंगे येते." मग जरा थांबली आणि स्वतःच्या पोटावरून हात फिरवून दाखवला.

मला कुणी कळवलं नाही. मी आई आहे तिची.

ह्यांना सांगितलं, गुडघा दुखतो, जळगावला एक वैद्य मंगळवारी तेल लावून देतो. हे म्हणाले, "लाईसन ये." पुढं काही विचारलं नाही. भोळं माणूस.

मंगळवार

दोंडाईच्याहून सकाळच्या गाडीनं बेबाबाईसंगे गेले. तिच्याकडे भाकरी खाल्ली आणि ऊन कलतं न कलतं तोच तिला उठवली. ती म्हणे, अजून फाटक उघडलं नसेल. नसू दे, उभं राहू.

फाटकावर वना नावाचा म्हातारा रखवालदार आहे. बायका आत गेल्या की तो फाटकाकडे पाठ करून बसतो. मला म्हणाला, "बाई, फूल तोडायचं नाही."

"आणि वास?"

"वास घ्या ना. वासाला कोण नाही म्हणतं?"

गुलाबांचं खरंच वावर आहे. ओळीनं लावलेत, आमची कपाशी असते तसे, आळी केलेली, पाण्याचे पाट काढलेले. प्रत्येक झाडाला पत्र्याची पाटी, तिच्यावर इंग्रजी नाव. एवढी राबणूक आणि तोडायचं नाही, विकायचं नाही, देवाला वाहायचं नाही. मग लावलेत कशाला? बेबाबाई म्हणे, बघायला. बघून काय होतं?

मेंदीच्या कुंपणाआड उभी राहिले. ती आली. अंजिरी लुगडं, अंगावर शाल. पहिल्यांदा ओळखलीच नाही, चालायची पद्धत बदलली आहे. आमची धुरपता धावायची. ही जपून पावलं टाकत होती. मग वाकून एका फुलाचा वास घेतला, डोळे मिटून. लहानपणी ताकाचं भांडं तोंडाला लावायची तेव्हा असेच डोळे मिटायची.

सासू बाकावर बसली. मी पुढे गेले नाही. मेंदीची फांदी धरली होती, ती बेबाबाईच्या घरी येईपर्यंत हातात होती.

बुधवार

आले. ह्यांनी विचारलं, "गुडघा कसा शे?" म्हटलं, "बरा शे. पण एकदा लावून भागत नाही, जावं लागेल." हे म्हणाले, "जाय." एवढंच.

माघी पुनव, मंगळवार

आज बोलले!

बेबाबाईनं जाऊन तिला हळूच सांगितलं. कोपऱ्यात विहिरीपाशी गावठी गुलाब आहे, फिकट, मोडक्या फांद्यांचा, त्याला पाटीसुद्धा नाही. पण वास त्यालाच. तिथं वेलाच्या मांडवाआड आम्ही उभ्या राहिलो. मी म्हटलं, "कशी शे?" ती म्हणाली, "बरी आहे, आई." आधी माय म्हणायची. असो, शहरात राहिली. हात धरला तिचा. हात मऊ झालाय. पाणी कोण भरतं विचारलं, तर म्हणे घरात नळ आहे.

सासू बाकावर आमच्याकडे पाठ करून बसली होती ती शेवटपर्यंत वळली नाही. बसल्या बसल्या झोपते वाटतं. आमच्या दैवानं तिला झोप दिली. बाग बंद होते ती सहाची घंटा व्हायच्या जरा आधी ती मोठ्यानं खोकली, तशी धुरपता पदर सावरून गेली. खोकला बरा नाही तो. अडुळसा घ्यायला पाहिजे.

काय बोललो ते आता आठवत नाही. नुसतं हं हं केलं असेल. विचारायचं राहून गेलं की तुला माझी आठवण येते का. गाडीत आठवलं.

शिवरात्रीचा दुसरा दिवस, मंगळवार

निघताना ह्यांनी फडक्यात बोरं बांधून दिली, बांधावरच्या झाडाची. "वैद्याला दे," म्हणाले. मी म्हटलं, वैद्याला कशाला बोरं? तर म्हणे, "तो पण माणूसच शे." ही बोरं धुरपताला लई आवडतात. वैद्याच्या नावानं तिला मिळाली. बिया तोंडात घोळवत उभी होती, पाच वर्षांची दिसत होती.

आमच्या मागून बायका जात-येत होत्या. मारवाड्याच्या सुना, कोर्टातल्या कारकुनांच्या बायका, दोन पारशिणी छत्र्या घेऊन. कुणी कुणाकडे बघत नाही. बऱ्या बायका.

धुरपता मला झाडं दाखवत होती. हा पांढरा, हा पिवळा वेल, ह्याचं नाव अमुक साहेबाच्या बायकोवरून ठेवलंय. इंग्रजी वाचते. कुणी शिकवलं विचारलं, तर मान खाली घालून म्हणाली, "ह्यांनी." गिरधर, जावई माझा, कोर्टात नकला लिहितो. म्हणे रात्री जेवण झालं की दोघं पाटी घेऊन बसतात आणि सासू वाती वळत ऐकते. मी म्हटलं, सासू काही बोलत नाही? म्हणाली, "त्यांना पण दहा अक्षरं येतात आता."

पडलेल्या पाकळ्या घ्यायला मुभा आहे. धुरपता ओच्यात भरत होती. म्हणे आत्याबाई, म्हणजे सासू, गुलकंद घालतात, तिला उष्णता होते म्हणून. मला चीड आली. माझ्या घरी असती तर मी काय काय केलं असतं. गुलकंद केला नसता. मला येत नाही गुलकंद.

तिनं मला डब्यातलं खायला दिलं, मेथीचे मुटके आणि दशमी. दोघींच्या डब्यात पोरगी मला देते आणि तरी उरतं. ताईबाईचा हात सैल आहे भारी. अशानं घर कसं चालतं?

होळीच्या आधीचा मंगळवार

ह्यांनी आज कैऱ्या दिल्या. विहिरीवरच्या आंब्याला यंदा लवकर लागल्या आहेत, बारक्या, कच्च्या. त्यांना माझ्याआधी कळलं. "वैद्याला." मी हसले. म्हटलं, तो बाप्या माणूस कच्च्या कैऱ्या काय करणार? हे दावं वळत होते, वर बघितलं नाही. "खाईल ना," म्हणाले.

धुरपतानं तिथंच मीठ न लावता एक खाल्ली. माझे दात आंबले नुसतं बघून.

पोट आता वर आलंय. मी हात लावला. आत हललं. बरोबर माझ्या तळहाताखाली, पाण्यात मासा उलटा होतो तसं. मांडवावरच्या पाकळ्या पडत होत्या. मला वाटलं, पहिलं बाळंतपण आईकडे असतं, सगळ्या जगात असतं. ओसरीवरच्या खोलीला गेरू लावायचा, बाज उन्हात टाकायची, मेथी-अळीव आणायचे. मी म्हटलं, "मी तुला नेणार." ती म्हणाली, "आत्याबाईंना विचार." मी म्हटलं, मी कशाला विचारू, तिनं पाठवायला पाहिजे. तोवर खोकला आलाच.

धुळवड

घरीच आहे. शेजारची पोरं चिखल उडवत दारात आली, हाकलली. मग उगाच वाईट वाटलं. खोलीला गेरू लावून टाकला. हात दुखले. ह्यांनी बघितलं, संध्याकाळी बाजेचं सुंभ ओढून घट्ट केलं.

रंगपंचमीनंतरचा मंगळवार

बेबाबाईशी भांडण झालं. बागेतून परत आल्यावर ती चहा ठेवताना म्हणाली, "अक्का, दर मंगळवारी लपून भेटतेस. एकदा समोर जाऊन विचार ना ताईबाईला."

"मी लग्नात एकदा म्हटलं होतं चला म्हणून. ऐकलं नाही तिनं."

"अगं, विहिणीला तीनदा म्हणायचं असतं. पहिल्यांदा ती ऐकतच नाही, दुसऱ्यांदा तोंड फिरवते, तिसऱ्यांदा उठते. साऱ्या जगाला माहीत आहे. तू पहिल्याच खेपेला वाढायला घेतलंस. तिच्या माहेरची माणसं बसली होती बाजूला."

"मग मी काय नाटकातली आहे? मी एकदा बोलते. माझं एकदा बोललेलं नवऱ्याला ऐकू येतं, बैलाला ऐकू येतं."

"बैलाला येतं ग," बेबाबाई म्हणाली. "विहीण बैल नाही."

मी चहा घेतला नाही. नंतर घेतला, गार.

पाडवा

गुढी उभारली. लोटन विचारत होता, यंदा आखाजीला मी पुन्हा जाऊ का मुऱ्हाळी? त्याचं तोंड बघवत नव्हतं, दोनदा रिकामा आलाय पोरगा, दोस्त हसतात. हे म्हणाले, "यंदा तू नको. तुन्ही माय जाईल." मी म्हटलं, मी कुठं जाते, मला वैद्याकडे जायचं असतं. तर हे उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. पाणी आधीच पाजलं होतं.

चैत्र, मंगळवार

विचारलं.

ऊन फार झालंय. अर्धे गुलाब करपले, कळ्या उमलायच्या आधीच कडेनं काळ्या पडतात. बागेत बायका थोड्या. मी मांडवाआड गेलेच नाही, सरळ बाकासमोर जाऊन उभी राहिले. ताईबाई डोळे मिटून बसली होती. जवळून बघितलं, केस पांढरे झालेत तिचे. लग्नात काळे होते.

"विहीणबाई," म्हटलं, "धुरपताला बाळंतपणाला नेईन म्हणते."

काही नाही. पापणीसुद्धा हलली नाही. माझे पाय आपोआप वळले होते. पण धुरपता तिथं उभी होती, ओच्यात पाकळ्या, आणि माझ्याकडे बघत होती. मी पाटीवर अक्षर काढायची तेव्हा बघायची तशी, आता चुकते का मग चुकते.

मी पुन्हा म्हटलं. "आखाजीच्या आधी नेईन. मी स्वतः येईन न्यायला."

तिनं डोळे उघडले. गुलाबांकडे बघितलं. "यंदा ऊन लवकर पडलं," म्हणाली.

माझ्या जिभेवर काय काय आलं होतं ते लिहीत नाही. गिळलं. मग म्हटलं, "ताईबाई, माझी लेक द्या मला. थोडे दिवस द्या."

हे कुठून आलं मला माहीत नाही. मी कुणाला द्या म्हणत नाही.

ती बाकावर सरकली आणि जागा हातानं पुसली. "बसा. गुडघा दुखत असेल तुमचा."

बसले. ती म्हणाली, "न्या ना. मी केव्हा नाही म्हटलं? दोनदा पोराला पाठवलंत. त्याच्यासंगे तुमचा एक शब्द नव्हता, निरोप नव्हता. मुकी सुपारी पाठवल्यासारखं. मी तरी किती..." आणि थांबली. मग डबा उघडला. आत तिघींचं होतं. तिघींनी खाल्लं. ताईबाई पोळी चांगली करते, जरा तेल जास्त.

आज ती एकदाही खोकली नाही. बरा झाला वाटतं.

गाडीत बसल्यावर आठवलं, हिला माझ्या गुडघ्याचं कुणी सांगितलं? बेबाबाईला विचारलं पाहिजे, तिच्या पोटात काही राहत नाही.

बुधवार

ह्यांना सांगून टाकलं. लेक येते. वैद्याचं काय ते मागाहून सांगेन म्हटलं. हे ओट्यावर बसले होते. बराच वेळ पगडीचं सूत काढत बसले. मग म्हणाले, "गाडीले नवी ताडपत्री टाकतो. स्टेशनवरून येताना ऊन लागेल तिले." आणि तेवढ्या उन्हात ताडपत्री बघायला निघालेसुद्धा.

अळीव आणले. डिंक आणला. सुईण आजीला सांगून ठेवलं. गावात ज्यांनी विचारलं त्यांना सांगितलं, ज्यांनी नाही विचारलं त्यांनाही.

हनुमान जयंतीच्या आधीचा मंगळवार

धुरपता येत नाही.

आज सगळं ठरवायला गेले होते. कोणत्या गाडीनं, सामान किती. ताईबाई वाती वळायचा कापूस घेऊन आली होती, मला म्हणाली, तुम्ही दोघी बोला, आणि दूर त्या पिवळ्या वेलाखाली जाऊन बसली. धुरपता गावठी गुलाबापाशी उभी होती. त्याला आता एकच फूल आहे.

"आई, मी नाही येत."

मला वाटलं उद्या नाही, पुढच्या आठवड्यात येईल.

"बाळंतपणाला मी इथंच राहते."

"सासूनं शिकवलं?"

"नाही ग. आत्याबाई तर कालपासून बोचकं बांधून बसल्यात. त्या म्हणतात जा, मला बोल लागेल, जा. मीच नको म्हणते."

"का? खोलीला गेरू लावलाय मी. बाज घट्ट केली."

ती रडत होती. मी रडत नव्हते, मला राग आला होता. म्हणाली, इथं दवाखान्यात डॉक्टरीणबाई आहे. म्हटलं, आमच्याकडे सुईण आहे, तिनंच तुला काढली. म्हणाली, हो. मग म्हणाली, "हे रोज संध्याकाळी घरी येतात ना. मला... मला इथं बरं वाटतं, आई. आपल्या घरी खिडकीत पत्र्याच्या डब्यात कलम लावलंय ह्या गुलाबाचं. त्याला कळी आली आहे."

आपल्या घरी, म्हणाली.

दोन वर्षं मी समजत होते की तिला बांधून ठेवलंय. आता बघते तर दावं कुठंच नाही.

मी विचारलं, "तुला माझी आठवण येते का?" विचारायचं नव्हतं ते, आणि असं तर नव्हतंच, खेकसल्यासारखं.

ती म्हणाली, "मी रविवारपासून मंगळवारची वाट बघते."

मी म्हटलं बरं. दुसरं काय म्हणणार. ताईबाई लांबून बघत होती. मी बघितलं तशी तिनं मान खाली घातली, कापूस ओढायला लागली. तिच्या तोंडावर जिंकल्याचं असतं तर बरं झालं असतं. तसं काही नव्हतं.

बेबाबाई म्हणाली, "अक्का, सुखात आहे पोरगी. त्यासाठीच दिली ना तू?" हो, त्यासाठीच दिली. पण इतकी राहील असं वाटलं नव्हतं.

शनिवार

काही नाही. डिंक डब्यात भरून ठेवला. मुंग्या लागल्या.

लोकांना काय सांगायचं? सांगितलं, डॉक्टरीण सोडत नाही. खोटं नाही तसं. ह्यांना खरं सांगितलं. त्यांनी नवी ताडपत्री घडी घालून माळ्यावर टाकली, मग पुन्हा खाली काढली आणि बैलांच्या गोठ्यावर बांधली. म्हणाले, त्यांना पण ऊन लागतंच.

चैत्र वद्य, मंगळवार

काल हे म्हणाले, "उद्या मंगळवार शे."

"गुडघा बरा झाला," म्हटलं.

"मग दुसरा दुखेल."

मी बघितलं त्यांच्याकडे. हे भाकरीचा तुकडा मोडत होते. भोळे आहेत की नाहीत, आता मला सांगता येत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली.

गेले नाही तरी. नको वाटतं. गेले की बघायचं, हात लावायचा, घंटा झाली की सोडायचं. बघून काय होतं? घरात बसून कपाशीच्या सरकीतली घाण निवडली. दिवसभर वाटत होतं, आता ती मांडवापाशी उभी असेल. आता वळून फाटकाकडे बघितलं असेल. आता बसली असेल. आता घंटा झाली असेल.

आखाजी, मंगळवार

पहाटे घागर भरली, पुरण वाटून पोळ्या केल्या, पितरांना नैवेद्य दाखवला. दारापुढच्या निंबाला शेजारच्या पोरींनी कालच झोका बांधला. पाटलाची लेक आली आहे, तिची धाकटी आली आहे, झुलालच्या तर तिन्ही लेकी पोरांसकट आल्या. गाणी चालू. एक पोरगी माझ्या दारात आली, "काकू, धुरपता कव्हय येस?" मी पुरणाचा हात धुतला. सहा पोळ्या फडक्यात बांधल्या आणि वहाण पायात घातली.

शेजारची सुंदरबाई शेणसडा घालत होती, तिनं हाक मारली, "भिकुबाई, आखाजीना दिन घर टाकीसन कथा जाई ऱ्हायनी?"

"लेकीले येता येत नही," म्हटलं, "मी जास लेकीकडे."

तिनं तोंडावर हात ठेवला. ठेव.

हे स्टेशनपर्यंत गाडी घेऊन आले, न सांगता. दोंडाईच्याला गाडी लागली तर उतरणाऱ्यांची ही गर्दी. लेकी आणि मुऱ्हाळी, ट्रंका, पोरं, हातात पंखे, हसणं. त्या सगळ्या उतरल्या आणि मी चढले. डबा रिकामा. खिडकीशी बसले, गरम लोखंडाला हात लागला. सगळ्या खानदेशाच्या लेकी इकडे येत होत्या आणि मी एकटी तिकडे.

फाटकावर वना म्हणाला, "आज फार कुणी नाही बाई आत. सुना सगळ्या माहेरी गेल्या." बाग उघडी पडल्यासारखी. गुलाबाला फूल नाही, नुसते काटे आणि धूळ बसलेली पानं, माळ्यांनी आळ्यांत पाचोळा टाकलाय. इंग्रजी पाट्या तेवढ्या उभ्या.

त्या दोघी बाकावर होत्या. मला वाटलं होतं घरी जावं लागेल, दारातून हाक मारावी लागेल. पण होत्या. धुरपतानं मला बघितलं आणि उठायला लागली, तर तिला उठवेना. मीच गेले. ताईबाई म्हणाली, "मागच्या मंगळवारी आला नाहीत." मी म्हटलं, "गुडघा." ती म्हणाली, "हं."

पोळ्या सोडल्या. धुरपतानं वास घेतला आणि म्हणाली, "माय, गूळ कुठला? आपलाच ना?" खाताना पुरण हनुवटीला लागलं. पोळी माझी जरा फाटली होती. ताईबाईनं फाटकीच उचलली, म्हणाली, मऊ आहे. मी म्हटलं, तेल कमी आहे, सवय नसेल तुम्हाला. ती हसली. तिचे पुढचे दोन दात पडलेत, मला माहीत नव्हतं.

मग धुरपता म्हणाली कंबर दुखते. मी मांडी पसरली, ती बाकावर आडवी झाली, डोकं माझ्या मांडीवर. पाय ताईबाईच्या मांडीवर गेले, दुसरी जागाच नव्हती. ताईबाई पाय चेपायला लागली. मी केसातून बोटं घातली, घाम होता. फुलं नाहीत पण कुठून तरी वास येत होता. कदाचित तिच्याच केसांना असेल, गुलाबपाण्याचा. ती बोलता बोलता झोपली. तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशीच. पोटावर हात.

घंटा झाली. ती जागी झाली नाही. वना फाटकातून आत न बघता ओरडला, "चला बाई, सहा झाले." ताईबाई तिकडे तोंड करून म्हणाली, "थांब रे जरा."

मी हळूच म्हटलं, "उठवा तिला. गिरधर वाट बघत असेल."

"तुम्ही उठवा. तुमच्या मांडीवर आहे."

"पाय तुमच्याकडे आहेत."

"मी नाही उठवणार. आखाजी आहे आज."

"मग मी काय उठवणार?"

"हळू बोला, जागी होईल."

"तुम्हीच मोठ्यानं बोलता."

वना पुन्हा ओरडला. आम्ही दोघींनी एकदमच त्याला हात दाखवला, थांब म्हणून. तो पाठमोरा होता, त्याला दिसणार नव्हता. धुरपता झोपेतच वळली, माझ्या लुगड्याचा काठ मुठीत धरला. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, कुणी आधी उठवायचं यावर भांडत, पुटपुटत.